वाळूत गेलेला हर्मिट क्रॅब उकरू नका

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. महिन्यापूर्वी त्याच्या मामाने त्याला दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, भेट दिले. जाळीचं झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ते ठेवले आहेत. खाली चार-पाच बोटं वाळू, एका कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि डब्याबरोबर आलेलं तयार खाद्य, एवढीच व्यवस्था आहे. त्यातला एक बारा दिवसांपूर्वी वाळूत शिरला, तो वर आलाच नाही. माझे यजमान म्हणतात, तो मेला असणार, उकरून काढू. दुसरा परवा मुलाच्या तळहाताला इतका घट्ट चावला की त्याने हात झटकला आणि खेकडा फरशीवर आपटला. तेव्हापासून तो शंखाच्या आत बसून आहे, आणि आज त्याचा एक पाय सुटून वाळूत पडलेला दिसला. मुलगा रडतो, घाबरतो, तरी त्याला खेकडा हातात घ्यायचाच असतो. या प्राण्यांना हाताळायचं कसं? की सरळ समुद्रात सोडून द्यावेत?

उत्तर: ताई, आधी आज रात्रीचं बोलू. वाळूतल्या खेकड्याला उकरू नका. आणि जो पडला आहे, त्याला शंखातून बाहेर काढायचा कुठलाही प्रयत्न करू नका. टोचून नाही, ओढून नाही, फुंकर मारून नाही, गरम पाणी ओतूनही नाही. एवढं आज पाळलंत तर दोन्ही जीव वाचण्याची शक्यता आहे.

वाळूत गेलेला खेकडा बहुधा कात टाकतो आहे. खेकड्याचं कवच त्याच्या अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून तो अधूनमधून स्वतःला वाळूत गाडून घेतो, जुनं कवच आतल्या आत उतरवतो आणि नवं कवच टणक होईपर्यंत तिथेच राहतो. या काळात त्याचं अंग इतकं मऊ असतं की तुमच्या बोटाच्या दाबानेही फाटू शकतं. उतरवलेलं कवच तो खातो, कारण नव्या कवचाला लागणारं कॅल्शियम त्यातच असतं. लहान खेकड्याला या सगळ्याला चार ते आठ आठवडे लागतात, मोठ्याला दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त. बारा दिवस म्हणजे काहीच नाहीत. वाळूत शिरण्याआधी तो मंद झाला होता का, पाण्याच्या वाटीत वरचेवर बसत होता का, डोळे दुधाळ दिसत होते का, हे मुलाला विचारून पाहा. मुलं असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा बारकाईने बघतात.

मेला असेल तर कळेल कसं? वासाने. मेलेल्या खेकड्याला सडलेल्या मासळीचा उग्र वास येतो आणि तो दिवसागणिक वाढत जातो. झाकण उघडल्यावर ओल्या मातीचा किंवा किंचित खारट वास आला तर काळजी नको. आणखी एक गोष्ट यजमानांना जरूर सांगा. कधी वाळूवर पाय, नांग्या, डोळ्यांचे देठ सगळं जागच्या जागी असलेला ‘मेलेला खेकडा’ दिसतो आणि माणसं तो उचलून फेकून देतात. तो हातात घेऊन पाहिला तर पोकळ आणि कागदासारखा हलका लागतो. ती फक्त कात असते. खरा खेकडा फिका पडून शंखात दडलेला असतो, आणि आपण त्याचं पुढच्या काही आठवड्यांचं अन्न कचऱ्यात टाकलेलं असतं. कधी एखादा खेकडा वाळूत न जाता वरच कात टाकतो. तसं झालं तर तो आहे तिथेच ठेवा, हलवू नका. त्याच्यावर भोकं पाडलेलं प्लास्टिकचं भांडं उपडं घाला आणि डबा अंधारात ठेवा.

आता पडलेल्याकडे येऊ. शंख तडकला आहे का, एवढंच लांबून बघा. तडकला असो वा नसो, त्याला शंखासकट हळूच उचलून वेगळ्या, दमट, अंधाऱ्या जागी ठेवा, जवळ पाणी आणि खाणं, आणि तडकला असेल तर रिकामे शंखही ठेवा आणि काही दिवस विसरून जा. पाय गळणं ही मोठ्या ताणाची खूण आहे. पडण्यामुळे असा ताण येतो, तसाच कोरड्या हवेमुळेही येतो, आणि तुमच्या डब्यात दुसरं कारणही हजर आहे. गेलेला पाय परत येतो, हे मुलाला सांगा. आधी तिथे जेलीसारखा एक छोटा कोंब दिसतो आणि पुढच्या कातीनंतर त्याचा पाय होतो. मात्र एकामागून एक पाय गळत राहिले आणि खेकडा शंखाबाहेर लोंबकळू लागला, तर जगण्याची आशा फार थोडी असते. तेव्हाही हातात घेऊन हलवून बघण्याने त्याला काही मिळत नाही.

त्याला वेगळं ठेवायचं आणखी एक कारण आहे. कात टाकणाऱ्या खेकड्याला दुसरा खेकडा वासाने शोधून, उकरून खाऊ शकतो. म्हणून वाळूतला जुन्या डब्यातच राहू द्या आणि वरच्यासाठी नवी टाकी करा.

जुन्या डब्यात फक्त दोन गोष्टी करा. जाळीच्या झाकणावर प्लास्टिकचा कागद पसरून हवा जायला थोडी फट ठेवा. आणि वाळू सुकलेली वाटली तर कडेकडेने क्लोरीन काढलेलं पाणी थोडं थोडं सोडा. मध्ये ओतू नका, त्याने आतली पोकळी ढासळते.

नवी टाकी काचेची हवी. ती का, ते समजून घ्या, कारण हर्मिट क्रॅबची सगळी देखभाल त्यातच आली. हे जमिनीवर राहणारे खेकडे असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात, आणि कल्ले ओलसर असतील तोवरच हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो. जाळीच्या डब्यातून दमटपणा निघून जातो, कल्ले सुकत जातात आणि खेकडा गुदमरतो. हे एका दिवसात होत नाही. आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे खेकडा सुस्त होत होत मेला की लोक म्हणतात, आयुष्यच एवढं असेल. तसं नाही. नीट सांभाळलेले हर्मिट क्रॅब तीस वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. तुमचा मुलगा चाळिशीला आला तरी हा खेकडा असू शकतो.

तर टाकी काचेची घ्या, वर काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण ठेवा. दोन लहान खेकड्यांना चाळीस लिटरच्या आसपासची टाकी किमान लागते, त्याहून मोठी मिळाली तर उत्तम. आत आर्द्रता मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर आणि थर्मामीटर लावा. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस राहिलं पाहिजे. थंडीत ऊब द्यायची तर हीट मॅट टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर लावा आणि तिला थर्मोस्टॅट जोडा. टाकीखाली ती लावायची नाही. खाली गाडून घेतलेला खेकडा तिथे भाजून निघेल. टाकी उन्हातही ठेवू नका, काचेत उष्णता कोंडते.

तळाला वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं मिश्रण घाला, पाच भाग वाळू आणि एक भाग कोकोपीट. खोली किमान पंधरा सेंटिमीटर, किंवा सर्वात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. ओलावा किती हवा, हे हाताने तपासता येतं. मूठभर मिश्रण दाबा. गोळा झाला आणि मूठ उघडल्यावर तसाच राहिला, पण पाणी टपकलं नाही, तर बरोबर. बोट खुपसल्यावर पडलेलं भोक तसंच राहायला हवं, कारण खेकड्यालाही आत असंच बीळ करायचं असतं. रंगीत खडे घालू नका. त्यात त्याला गाडून घेता येत नाही.

पाण्याची एक वाटी पुरत नाही, दोन लागतात. एकीत गोडं पाणी, दुसरीत खारं. हर्मिट क्रॅब शंखाच्या आत थोडं पाणी साठवून वागवतो आणि आपल्याला हवा तसा खारटपणा ठेवण्यासाठी दोन्ही पाण्यांवर आलटूनपालटून जातो. गोडं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं द्रव्य घाला. मत्स्यालयाच्या सामानात ते मिळतं. पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो हे खरं, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं जात नाही. खाऱ्या पाण्यासाठी जेवणातलं मीठ अजिबात चालत नाही. समुद्री मत्स्यालयाचं मीठ आणा आणि साधारण लिटरला पस्तीस ग्रॅम या प्रमाणात, तेही क्लोरीन काढलेल्या पाण्यात विरघळवा. दोन्ही भांडी शंख बुडेल एवढी खोल हवीत, पण बाहेर चढून यायला आत दगड किंवा जाळीचा उतार हवाच. त्याला पाण्यात काही वेळ राहता येतं, कायम नाही. चढता आलं नाही तर तो बुडून मरतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार अडत नाही. तो सर्वभक्षी आहे. फळं, भाज्या, नारळ, शिजवलेलं अंडं, मीठ-मसाला न लावलेले कोळंबी-मासे, औषध न फवारलेली सुकी पानं, सगळं थोडं थोडं द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेन किंवा उकळून कुस्करलेलं अंड्याचं कवच कायम टाकीत असू द्या. तयार खाद्याच्या पाकिटावर एथॉक्सिक्विन किंवा कॉपर सल्फेट लिहिलेलं असेल तर ते देऊ नका. तांबं या प्राण्यांना विषारी आहे. ओलं खाणं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर बुरशी धरते.

शंखांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं. खेकड्याचं पोट मऊ आणि एका बाजूला वळलेलं असतं, त्यावर कवच नसतं. शंखाशिवाय तो उघडा पडतो. म्हणूनच शंखातून त्याला ओढू पाहिलं तर तो दोन तुकडे होईल, पण सोडणार नाही. वाढत्या अंगाला नवा शंख लागतो, तेव्हा दर खेकड्यामागे तीन ते पाच रिकामे शंख टाकीत ठेवा. त्यांचं तोंड सध्याच्या शंखाएवढं किंवा किंचित मोठं असावं. काहींना गोल तोंडाचे आवडतात, काहींना लांबट तोंडाचे, म्हणून दोन्ही तऱ्हेचे ठेवा. आणलेले शंख आधी उकळा आणि पूर्ण गार करून मगच आत ठेवा. सध्याचा शंख रंगवलेला असेल तर तो काढायचा प्रयत्न करू नका, नुसते साधे शंख समोर ठेवा. रंगाचे टवके तो खातो, म्हणून रंगीत शंख पुन्हा आणू नका.

शंख बदलताना तुमच्या मुलाला बघायला मिळालं तर हातात घेण्याचा हट्ट तो आपणच सोडेल, असं मला मनापासून वाटतं. रात्री दिवे मंद करून टाकीजवळ बसा. खेकडा रिकाम्या शंखापाशी येतो, आधी मिशांनी चाचपतो. मग शंख फिरवून तोंड आपल्याकडे करतो आणि नांगी आत घालून खोली अजमावतो, आत वाळू असेल तर ती उकरून टाकतो. हे बराच वेळ चालतं. मग अचानक, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच, तो जुन्या शंखातून निघून नव्यात बसलेला असतो. त्या क्षणात त्याचं गुलाबीसर वळलेलं पोट दिसतं. कधी नवा शंख पसंत पडत नाही आणि तो पुन्हा जुन्यात जातो. त्या वेळी टाकीला धक्का लागता कामा नये, टकटक करू नये. तो उघडा असताना घाबरला तर शंख न घेताच पळतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हाताळण्याचा. माझं मत स्पष्ट आहे: हर्मिट क्रॅब हा बघायचा प्राणी आहे, कुरवाळायचा नाही. त्याला हातात येण्याची ओढ नसते. परवा जे झालं तो हल्ला नव्हता. हर्मिट क्रॅब पडायला लागला की हाती लागेल ते घट्ट धरतो, आणि त्याच्याकडे धरायला नांग्याच आहेत. तळहात खोलगट असेल, बोटांमध्ये फटी असतील, तर सैल कातडी त्याला पकडायला सोपी जाते. एरवीही घाबरला किंवा हाताला खाण्याचा वास आला तर तो चिमटा काढतो. त्याची मोठी नांगी डावी असते. शंखात शिरल्यावर दाराला अडसर लावावा तशी तो ती लावतो, यावरून तिची ताकद कळेल.

पुन्हा चिमटा बसला तर हात झटकायचा नाही, हे मुलाकडून आत्ताच, खेकडा हातात नसताना, दोन-तीनदा करवून घ्या. हात खाली न्यायचा आणि सपाट जमिनीवर टेकवायचा. पायाखाली टणक आधार लागला की बहुतेक वेळा तो सोडतो. नाहीच सोडलं तर हात खेकड्यासकट खोलीच्या तापमानाच्या पाण्यात अलगद धरायचा. ओढायचं नाही. त्याने त्याची नांगी तुटते आणि आपली कातडीही. नंतर जखम साबणाने धुवा, रक्त आलं असेल तर जंतुनाशक लावा. सूज किंवा लाली वाढत गेली तर डॉक्टरांना दाखवा.

टाकी साफ करताना किंवा जागा बदलताना उचलावं लागतंच. तेव्हा शंखाच्या मागच्या बाजूने, वरून दोन बोटांत धरा, पाय आणि नांग्या आपल्यापासून लांब राहतील असं. शंख धरून उचलताना तो एखाद्या काठीला किंवा दगडाला चिकटून बसला तर जोर लावू नका, थांबा, तो स्वतः सोडेल. मुलाला हातावर चालवायचाच असेल तर पुढचे काही महिने नाही. पडलेला बरा होऊन, कात टाकून, नव्या टाकीत निवांत फिरू लागल्यावर मग. तेव्हाही मुलाने जमिनीवर मांडी घालून बसायचं, पसरलेल्या चादरीच्या वर वीतभर उंचीवर हात धरायचा, तळहात ताणून सपाट ठेवायचा आणि बोटं जुळलेली. उभं राहून नाही, पलंगावर उड्या मारत नाही, मित्रांमध्ये फिरवत नाही. पाचेक मिनिटं झाली की परत टाकीत, कारण खोलीतली हवा त्याच्या कल्ल्यांना कोरडी पडते. खेकड्याने स्वतःला शंखात ओढून घेतलं तर त्या दिवशीचा खेळ संपला, हा नियम मुलाला सांगा. तो सहज पाळेल, मुलांना प्राण्याचं ‘नाही’ समजतं.

हात आधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवायचे. आधी अशासाठी की क्रीम, सॅनिटायझर, अत्तर, डास पळवायचं मलम यातलं काहीही त्याच्या अंगाला लागू नये. साबण लावलात तर तो पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवा. नंतर मात्र साबणाने चांगले धुवायचे, कारण टाकीतल्या ओल्या वाळूत आणि पाण्यात जंतू असतातच. खेकडा तोंडाजवळ न्यायचा नाही, जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याने लांबूनच बघावं.

आणखी एक धोका आहे, जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. झुरळांचा, मुंग्यांचा, डासांचा फवारा टाकीच्या खोलीत मारू नका, डास मारणारं विजेवरचं यंत्रही तिथे लावू नका. खेकडे आणि कीटक दोघेही संधिपाद, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी, त्यामुळे जे औषध कीटकांना मारतं ते खेकड्यालाही मारतं. टाकीला मुंग्या लागल्या तर खाणं लगेच काढा आणि टाकी ज्या टेबलावर आहे त्याचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवा.

आणि समुद्रात सोडण्याचा विचार? तो सोडून द्या. तुमचे खेकडे कुठल्या किनाऱ्यावरचे, कुठल्या जातीचे, हे तुम्हाला माहीत नाही. परक्या किनाऱ्यावर ते जगणार नाहीत, किंवा आपल्याबरोबरचे रोग तिथल्या खेकड्यांना देतील. शिवाय हे जमिनीवरचे खेकडे आहेत, पाण्यात टाकले तर बुडतील. सांभाळणं होणार नाही असं वाटलं तर ज्यांच्याकडे आधीपासून अशी तयार टाकी आहे अशा माणसाला दोन्ही एकत्र द्या, पण वाळूतला वर येईपर्यंत थांबा.

मामांना सांगा, पुढची भेट हायग्रोमीटर आणि चांगले शंख. खेकडा नको. बाजारात मिळणारे हर्मिट क्रॅब जवळजवळ सगळे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात. त्यांची अंडी समुद्रातच फुटतात, पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यात तरंगत वाढतात, आणि घरात किंवा दुकानात हे घडवणं फार थोड्यांना जमलं आहे. निसर्गात ते घोळक्याने राहतात, त्यामुळे दोघांतला एक गेला तर दुसऱ्याला सोबत द्यावीशी वाटेल. तेव्हाही नवा विकत घेऊ नका, ज्याला आपले खेकडे सांभाळणं होत नाही अशा कुणाकडून घ्या.